व्हर्लपूलच्या किचनएड डिशवॉशरचं मूळ एका कर्जबाजारी विधवेच्या शेडमध्ये आहे!

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत तुम्ही कुणालाही रांजणगावची एमआयडीसी विचारा, रस्ता सांगतील. अष्टविनायकातल्या महागणपतीमुळे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत असलेल्या या गावात आज मोठमोठ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. व्हर्लपूलचा फ्रिजचा कारखाना त्यातलाच एक.

आता याच व्हर्लपूलच्या घराण्यात किचनएड नावाचा एक अमेरिकन ब्रँड आहे. त्या किचनएडच्या डिशवॉशरची वंशावळ मागे मागे नेत गेलं, की आपण पोहोचतो १८८० च्या दशकात. अमेरिकेतलं इलिनॉय राज्य, शेल्बीव्हिल नावाचं छोटं गाव आणि एका घरामागची शेड. तिथे पंचेचाळिशीच्या आसपासची एक विधवा बाई चिनी मातीच्या ताटल्यांची मापं घेत तारा वाकवतेय. नवरा जाताना कर्ज ठेवून गेलाय.

या बाईंचं नाव जोसेफिन कॉक्रेन. आज जगभरात जे डिशवॉशर विकले जातात, त्यांच्या मुळाशी या बाईंची कल्पना आहे. गंमत म्हणजे त्या हयात असेपर्यंत त्यांचं मशीन घराघरात कधी पोहोचलंच नाही.

पूर्वजांनी वाफेची बोट बनवली होती

जोसेफिनचा जन्म ८ मार्च १८३९ चा, ओहायो राज्यातला. आपण महिला दिन साजरा करतो तीच तारीख, अर्थात तेव्हा महिला दिन वगैरे काही नव्हतं. वडील जॉन गॅरिस इंजिनिअर होते. आईच्या घराण्यात जॉन फिच नावाचे पूर्वज होऊन गेले होते, ज्यांना वाफेवर चालणाऱ्या बोटीसाठी १७९१ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं होतं. म्हणजे यंत्राचं वेड घरातच होतं. फक्त मुलींनी ते वेड जोपासायचं असतं, असं त्या काळी कुणाला वाटत नव्हतं.

जोसेफिनचं शिक्षण सुरू होतं ती शाळा जळाली आणि तिला शेल्बीव्हिलला बहिणीकडे पाठवलं गेलं. तिथे १८५८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, तिचं विल्यम कॉक्रन यांच्याशी लग्न झालं. हे विल्यमराव कॅलिफोर्नियात सोनं सापडतंय म्हणून नशीब काढायला गेले होते. तिथे काही जमलं नाही, मग परत येऊन कापडाच्या धंद्यात पडले आणि त्यात मात्र चांगले स्थिरावले. लग्नानंतर जोसेफिनबाईंनी नवऱ्याचं आडनाव घेतलं, पण स्पेलिंगच्या शेवटी स्वतःचं एक जास्तीचं ई अक्षर जोडलं. नवरा कॉक्रन, बायको कॉक्रेन. सासरच्यांना हे फारसं रुचलं नाही म्हणतात. पुढे त्यांचं काय होणार याचा अंदाज सासरच्यांना तेव्हाच यायला हवा होता.

दोन मुलं झाली. त्यातला मुलगा हॅली दोन वर्षांचा असतानाच गेला. मुलगी कॅथरीन जगली. १८७० मध्ये कुटुंब मोठ्या बंगल्यात राहायला गेलं. पैसा होता, गावात मान होता. घरी मेजवान्या व्हायच्या आणि पाहुण्यांसमोर घराण्यातली पिढीजात चिनी मातीची भांडी निघायची.

इथून पुढे ती प्रसिद्ध गोष्ट सुरू होते.

खरं कारण ताटल्या, की कर्ज?

गोष्ट अशी सांगतात. मेजवानी झाली, नोकरांनी भांडी घासली आणि घासताना काही ताटल्यांच्या कडांचे टवके उडाले. बाई वैतागल्या. यापुढे ही भांडी मीच घासणार म्हणून त्या स्वतः बसल्या. थोडे दिवस घासली आणि लक्षात आलं की हे काम अत्यंत कंटाळवाणं आहे. मग त्यांना प्रश्न पडला की कपडे शिवायला मशीन आहे, गवत कापायला मशीन आहे, मग भांडी घासायला का नसावं?

इंटरनेटवर जोसेफिनबाईंबद्दल जे काही सापडतं, त्यातलं बहुतेक या गोष्टीवर थांबतं. श्रीमंत बाईंच्या नाजूक ताटल्या फुटल्या, म्हणून डिशवॉशर जन्माला आला. वाचायला मजा येते. पण एवढंच सांगणं म्हणजे बाईंवर अन्याय आहे. ताटल्यांवरून वैतागलेल्या बायका तेव्हाही हजारो असतील, त्यातल्या कुणी कंपनी काढली नाही.

खरी कलाटणी १८८३ मध्ये मिळाली. विल्यम कॉक्रन वारले. त्यांना दारूचं व्यसन होतं आणि वरून दिसत होती तितकी घरची परिस्थिती भक्कम नव्हती. बाईंच्या हातात रोख जेमतेम दीड हजार डॉलर उरले आणि त्याहून कितीतरी जास्त कर्ज. बंगला होता, प्रतिष्ठा होती, पण उत्पन्न शून्य. त्या काळात अशा घरातल्या विधवेपुढे रस्ते फार थोडे असायचे. नातेवाइकांकडे राहायचं, शिकवण्या घ्यायच्या किंवा पुन्हा लग्न करायचं.

बाईंनी चौथा रस्ता धरला. मेजवानीनंतर डोक्यात आलेली ती कल्पना आता पोटापाण्याचा प्रश्न झाली होती.

आधीच्यांचं चुकलं कुठे?

भांडी घासायच्या मशीनची कल्पना बाईंच्या आधीही लोकांना सुचली होती. १८५० मध्ये जोएल हॉटन नावाच्या माणसाने लाकडी मशीनचं पेटंट घेतलं होतं. हाताने चाक फिरवायचं आणि पाणी भांड्यांवर उडायचं. १८६० च्या दशकात आणखी एकाने भांडीच पाण्यात गोल फिरवणारं मशीन काढलं. दोन्ही चालली नाहीत, कारण भांड्यावर नुसतं पाणी उडवलं किंवा भांडं पाण्यात गरागरा फिरवलं म्हणून खरकटं निघत नाही. आपल्याकडे मोरीत बसून भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईने हे फुकटात सांगितलं असतं.

हाताने घासताना आपण काय करतो? राख, काथ्या किंवा तारेची घासणी घेऊन चोळतो. चोळण्याच्या जोरावर घाण सुटते. मशीनला हात नाहीत, त्यामुळे तो जोर दुसरीकडून आणावा लागतो. जोसेफिनबाईंनी तो पाण्याच्या दाबातून आणला. गरम साबणाचं पाणी पंपाने जोरात भांड्यांवर मारायचं. आता दाबाचं पाणी मारलं की ताटल्या एकमेकींवर आपटणार. मग त्या हलणारच नाहीत अशा धरून ठेवायच्या.

म्हणून त्यांनी सगळ्यात आधी टेप घेऊन घरातल्या ताटल्या, कप, बशा मोजल्या. प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे बनवले. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर स्टीलची मांडणी असते ना, ताटं उभी लावायची? साधारण तसंच, पण गोलाकार. हे कप्पे एका आडव्या चाकात बसवले आणि ते चाक तांब्याच्या मोठ्या भांड्यात ठेवलं. जुन्या वाड्यांत आंघोळीचं पाणी तापवायला तांब्याचा बंब असायचा, तो डोळ्यासमोर आणा. चाक फिरायचं, पंपाने साबणाच्या पाण्याचा मारा व्हायचा आणि नंतर स्वच्छ गरम पाण्याचा.

आजच्या डिशवॉशरचं दार उघडून बघा. तारेचे रॅक, ताटलीला ताटलीची जागा, वाटीला वाटीची आणि दाबाने उडणारं गरम पाणी. आत्ता कप्पे स्थिर असतात आणि पाणी मारणारा पंखा फिरतो, एवढाच मोठा फरक.

हे सगळं बनवायला बाईंना यंत्रकामातला माणूस हवा होता. तो मिळाला जॉर्ज बटर्स या मेकॅनिकच्या रूपात. त्याआधी ज्यांना ज्यांना काम दिलं, ते बाईंचं ऐकायलाच तयार नव्हते. बाईला यंत्रातलं काय कळतं, असा हिशोब. स्वतःच्या पद्धतीने करून बघायचे, फसायचे आणि मग बाई म्हणत होत्या तसं करायचे. तोवर बाईंचे पैसे गेलेले असायचे. बटर्स टिकले, पुढे बाईंच्या कारखान्याचा कारभारही त्यांनीच पाहिला.

२८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळालं. क्रमांक ३५५१३९.

हॉटेलची लॉबी ओलांडायची तरी कशी?

मशीन तयार होतं, आता ते विकायचं कुणाला? घरांना विकणं अवघड होतं, म्हणून बाई हॉटेलांकडे वळल्या. शिकागोतलं पामर हाउस हे त्यांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. हे हॉटेल १८७१ मध्ये उघडल्यानंतर तेराव्या दिवशी शिकागोच्या भीषण आगीत जळून गेलं होतं आणि मालकाने ते पुन्हा उभारलं होतं. तिथे एका ओळखीतून बाईंना संधी मिळाली.

पण दुसऱ्या हॉटेलात, शेर्मन हाउसमध्ये, कुणाची ओळख नव्हती. बाईंना एकटीने आत जाऊन मॅनेजरशी बोलायचं होतं. आज हे वाचताना त्यात विशेष काय असं वाटेल. पण प्रतिष्ठित घरातली बाई त्या काळी वडील किंवा नवरा सोबत असल्याशिवाय कुठेच जायची नाही, हॉटेलात तर नाहीच. लॉबी पार करताना आपण चक्कर येऊन पडणार असं बाईंना वाटलं होतं. पुढे त्यांनी सांगितलं की मशीन बनवण्यापेक्षा ती लॉबी ओलांडणं त्यांना अवघड गेलं. त्या पडल्या नाहीत आणि ८०० डॉलरची ऑर्डर घेऊनच बाहेर आल्या.

पैसे उभे करायची वेळ आली तेव्हा नवीनच अडचण. गुंतवणूकदारांना मशीन आवडायचं, पण कंपनी बाईच्या हातात नको होती. एखाद्या पुरुषाकडे सूत्रं द्या, मग पैसे देतो. बाईंनी नाही म्हटलं आणि कंपनी स्वतःकडेच ठेवली. त्यामुळे धंदा हळू वाढला, हे मान्य करायला हवं. पण पैसे घेऊन सूत्रं दिली असती, तर आज आपण हे नाव वाचत असतो का, शंकाच आहे.

विवेकानंद गेले होते त्याच वर्षी, त्याच शहरात

१८९३ म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. शिकागो, सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद. ती परिषद ज्या मोठ्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, त्याच प्रदर्शनात जोसेफिनबाईंचं मशीन मांडलेलं होतं. मे ते ऑक्टोबर असं सहा महिने हे प्रदर्शन चाललं. गावच्या यात्रेत आपण ज्यात बसतो त्या आकाशपाळण्याचा पहिला अवाढव्य पोलादी अवतार, म्हणजे फेरिस व्हील, इथेच लोकांनी पाहिला. विजेच्या दिव्यांनी अख्खा परिसर उजळला होता.

यंत्रांच्या दालनात बाईंचं मशीन होतंच, पण खरी जाहिरात वेगळीच झाली. प्रदर्शनाला येणाऱ्या गर्दीला जेवू घालणाऱ्या तिथल्या रेस्टॉरंटांनी ही मशीन भांडी घासायला लावली. पंगतीवर पंगती उठत होत्या आणि मागे मशीन चालू. मोठं मशीन दोन मिनिटांत दोनशेच्या वर ताटल्या धुतं असा दावा होता. उत्तम यांत्रिक रचना आणि टिकाऊपणा यासाठी मशीनला प्रदर्शनात पुरस्कारही मिळाला.

ऑर्डरी वाढल्या. १८९० च्या दशकाच्या अखेरीस बाईंनी स्वतःचा कारखाना सुरू केला. हॉटेलांमागून हॉस्पिटलं आली, कॉलेजची वसतिगृहं आली. हॉस्पिटलांना मशीन का आवडलं हे समजण्यासारखं आहे. हाताला सोसणार नाही इतक्या कडक पाण्याने मशीन भांडी धुवायचं, आणि तो काळ जंतूंची भीती नुकतीच लोकांच्या डोक्यात शिरल्याचा होता.

घरातल्या बायकांनी का घेतलं नाही?

हा या गोष्टीतला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आहे.

घरगुती मॉडेल बाईंनी काढलं होतं. पण त्याची किंमत ७५ ते १०० डॉलर, जी तेव्हाच्या साध्या घराला परवडणारी नव्हती. दुसरं, मशीनला लागतं तेवढं गरम पाणी घरच्या बॉयलरमध्ये तापायचंच नाही. तिसरं, पाणी जड असलं की साबणाचा फेस होत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग राहतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्या शिरूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

आणि चौथं कारण पैशाचं नव्हतं. घरखर्चाचे निर्णय नवऱ्यांच्या हातात होते. बायकोचा वेळ वाचवण्यासाठी शंभर डॉलर घालवायचे, हे बहुतेकांच्या गणितात बसत नव्हतं, कारण बायकोच्या वेळेला किंमतच लावलेली नव्हती. श्रीमंत घरात नोकर होते, त्यांना मशीनची गरज नव्हती. ज्यांना गरज होती त्यांच्याकडे पैसे नव्हते.

आपल्याकडचे आकडे बघितले की हे फार जुनं वाटत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि घरकाम करणारे पुरुष मुळातच थोडे.

एक गोष्ट मात्र जोसेफिनबाईंच्या कौतुकात सुटून जाते. त्यांनी मशीन बनवलं ते मोरीत राबणाऱ्या नोकराचे हात वाचावेत म्हणून नव्हे. सुरुवात झाली ती ताटल्या वाचवण्यापासून आणि पुढे धंदा उभा राहिला तो हॉटेलमालकांचे नोकर कमी करण्यावर. हे वाईट आहे असं नाही, धंदा असाच चालतो. पण त्यांना कष्टकरी बायकांची कैवारी बनवणाऱ्या पोस्ट वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

मरणानंतरचं पेटंट

बाई थांबल्या नाहीत. १९०० मध्ये त्यांनी सुधारित मशीन आणलं. सत्तरी ओलांडल्यावरही विक्रीसाठी फिरत होत्या. ऑगस्ट १९१३ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, शिकागोत त्यांचं निधन झालं. शेल्बीव्हिललाच त्यांना दफन केलं. त्यांच्या नावावरचं आणखी एक पेटंट त्या गेल्यानंतर चार वर्षांनी, १९१७ मध्ये मंजूर झालं.

१९२६ मध्ये होबार्ट कंपनीने बाईंची कंपनी विकत घेतली. किचनएड हा होबार्टचाच ब्रँड. १९४९ मध्ये किचनएडच्या नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आला आणि १९८६ मध्ये व्हर्लपूलने किचनएड घेतलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये बाईंचं नाव गेलं. २०१३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, तेही अमेरिकेत नाही तर रोमानियात!

जुना डिशवॉशर घेऊ का?

मधल्या काळात डिशवॉशरने फार विचित्र रूपं घेतली. १९४० च्या दशकात अमेरिकेत थॉर कंपनीचं एक मशीन होतं, ज्यात आतली टाकी बदलली की कपड्यांच्या मशीनचा डिशवॉशर व्हायचा. १९५९ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने ओट्यावर ठेवायचा गोल डब्यासारखा डिशवॉशर काढला. अमेरिकेत अशी जुनी मशीन शोधून, दुरुस्त करून रोज वापरणारे हौशी लोक आहेत. जुने किचनएड तर त्यांच्यात फार मानाचे.

रील्स बघून असं एखादं मशीन तिकडच्या नातेवाइकाकडून मागवायचा विचार असेल, तर जरा थांबा. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ नाही बदलत. त्यामुळे जुनी मोटर इथे साधारण १७ टक्के हळू फिरते आणि पंपाचा दाब जवळपास ३० टक्क्यांनी पडतो. म्हणजे जोसेफिनबाईंनी ज्या दाबावर सगळा खेळ उभा केला, तोच जातो. जुना टायमरही विजेच्या लयीवर चालतो, म्हणून तासाभराचं काम ७२ मिनिटांवर जातं. शिवाय रबरी पाइप आणि दाराचं रबर कडक होऊन चिरलेलं असतं, तारेच्या रॅकचं आवरण निघून गंज चढलेला असतो. आणि ही मशीन ज्या फॉस्फेटच्या पावडरीवर चालायची, ती अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी २०१० मध्ये बंद केली.

भारतात डिशवॉशरला खरी मागणी आली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, कामाला येणाऱ्या मावशींचं येणं बंद झालं तेव्हा. इथे विकणाऱ्या कंपन्यांनी मग आपल्या भांड्यांचा विचार केला. करपलेल्या, तेलकट भांड्यांसाठी ७० अंशांच्या पाण्याचा वेगळा कढई प्रोग्राम आला. जड पाण्यासाठी मशीनमध्ये मीठ टाकायची सोय असते, ते मीठ पाण्यातला कॅल्शियम पकडणाऱ्या फिल्टरला पुन्हा ताजं करतं. बोअरचं पाणी असेल तर मीठ वेळेवर भरा, नाहीतर स्टीलच्या ताटांवर आठवड्याभरात पांढरा थर दिसायला लागेल.